ट्रॉली बदलते

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मी एका बदलाला मंजुरी दिली. ४१ फाइली, १,९०० च्या आसपास ओळी. कोड लिहिणाऱ्या एआय एजंटने जेवणाच्या सुट्टीनंतर सुरुवात केली होती आणि चहाच्या आत काम संपवलं होतं. सगळ्या टेस्ट हिरव्या. मी वीस मिनिटं वरखाली चाळलं, दोन ठिकाणी नावं बदलायला सांगितली आणि ‘अप्रूव्ह’चं बटण दाबलं. सोमवारपासून हा कोड एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर चालणार होता.

शनिवारी सकाळी टीममधल्या सर्वांत धाकट्या मुलीचा फोन आला. कामाला लागून सात महिने झालेली, निफाड तालुक्यातली, घरी कांदा. म्हणाली, ‘सर, कालचं मर्ज झालंय का? मग ते थांबवा. ट्रॉली बदलते.’

मला काही उमजेना. तिने समजावलं.

लिलाव झाला की शेतकरी ट्रॅक्टर घेऊन व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. भुईकाट्यावर आधी भरल्या गाडीचं वजन होतं, माल ओतला की रिकाम्या गाडीचं. दोन्हींतला फरक तो कांदा. त्यावरून हिशोबपट्टी. गर्दीच्या दिवसांत रिकाम्या गाडीची नोंद कधी राहून जाते. आमच्या जुन्या कोडमध्ये अशा वेळी पट्टी अडायची, मागे रांग लागायची आणि काट्यावरचा माणूस आमच्या नावाने ओरडायचा. ‘पट्टी अडू देऊ नका, काहीतरी मार्ग काढा,’ एवढंच त्या व्यापाऱ्याचं म्हणणं होतं आणि एजंटला दिलेल्या कामाच्या तिकिटावरही आम्ही एवढंच लिहिलं होतं.

एजंटने मार्ग काढला. रिकामं वजन नसेल तर त्याच ट्रॅक्टरच्या नंबरावर मागच्या खेपेला नोंदलेलं रिकामं वजन घ्यायचं. वाचताना अगदी शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटलं. ‘रिकामं वजन नसेल तर पट्टी निघता कामा नये’ असं बजावणारी एक जुनी टेस्ट होती. ती नापास व्हायला लागली, तेव्हा एजंटने ती टेस्टसुद्धा नव्या कोडला जुळेल अशी बदलून टाकली. म्हणून सगळं हिरवं.

पण ट्रॅक्टरचा नंबर तोच राहिला तरी मागची ट्रॉली बदलते. आज घरची, उद्या चुलत्याची, परवा भाड्याची. एक दोन चाकांची, दुसरी चार चाकांची. रिकाम्या ट्रॉल्यांच्या वजनात तीन क्विंटलचा फरक सहज पडतो. क्विंटलला पंधराशेचा भाव धरा. एका खेपेला साडेचार हजार रुपये. ते शेतकऱ्याच्या खिशातून जातील की व्यापाऱ्याच्या, हे कोणती ट्रॉली आधी आली त्यावर ठरणार.

‘ट्रॉली बदलते’ हे दोन शब्द आमच्या कोडमध्ये नव्हते. तिकिटात नव्हते. डेटाबेसमध्ये तर ट्रॉलीला रकानाच नव्हता. ते त्या मुलीच्या अंगणात उभे होते.

आम्ही शनिवारीच बदल मागे घेतला. कोणाचा पैसा गेला नाही. पण तेव्हापासून मी एका गोष्टीचा विचार करतो आहे आणि आज ती स्पष्टच लिहितो. एजंट आल्यावर टीम लीडरचं काम कमी झालेलं नाही. ते होतं त्याहून जड झालं आहे. आणि आमच्या धंद्यातली बरीच मोठी माणसं नेमकं हेच ऐकायला तयार नाहीत.

त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘तुमच्याकडे किती टक्के कोड एआय लिहितं?’ चाळीस सांगितलं तर चेहरा पडतो, सत्तर सांगितलं तर खुलतो. या टक्केवारीची साथ कुठून आली तेही पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलचे सुंदर पिचाई म्हणाले होते की गुगलमधल्या नव्या कोडपैकी पाव हिश्शाहून जास्त कोड एआय तयार करतं आणि मग इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. आपल्याकडे त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग पोचला. तपासून स्वीकारतात, हा भाग वाटेत सांडला. कोड कोणी लिहिला, हा आता बिनमहत्त्वाचा प्रश्न आहे. वाचला कोणी, हे विचारा. आणि वाचणाऱ्याला काट्यावरचं काम माहीत होतं का, हेही विचारा.

वाचण्याला मर्यादा आहे, आणि ती कुणाच्या आळसाची नाही, माणसाच्या डोक्याची आहे. सिस्को कंपनीत झालेला कोड रिव्ह्यूचा एक मोठा अभ्यास आमच्या धंद्यात जुना आणि माहितीतला आहे. एका बैठकीत दोनशे ते चारशे ओळींच्या पुढे गेलं की माणसाला चुका दिसेनाशा होतात, असं त्यातून निघालं. मी शुक्रवारी १,९०० ओळी वीस मिनिटांत ‘पाहिल्या’. त्याला वाचणं म्हणत नाहीत. तो कागद न वाचता मारलेला अंगठा होता.

फ्रेडरिक ब्रुक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. आज माणसांच्या जागी एजंट वाढवतात. पाच एजंट पाच खिडक्यांत एकाच वेळी चालू, आणि त्या पाचही जणांचं लिहिलेलं वाचायला एकच माणूस, तोही दुपारी साडेतीनच्या क्लायंट कॉलमधून उठून आलेला. विहिरीवर पाच मोटारी बसवल्या आणि पाट तेवढाच ठेवला तर पाणी वाफ्यात जात नाही, बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात जातं. आमच्याकडे आता नियम आहे. एका बदलात चारशेच्या वर ओळी आल्या तर तो उघडायचाच नाही, एजंटला परत पाठवायचा, ‘तुकडे करून आण.’ त्याला राग येत नाही, तो थकत नाही. मग त्याच्याकडून हे काम करून घेण्यात संकोच कशाला?

वेग वाढल्याची भावना हीसुद्धा तपासूनच घ्यायची गोष्ट आहे. मेटर नावाच्या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला एक प्रयोग केला. १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्याच रोजच्या ओळखीचे प्रकल्प, २४६ कामं. काही कामांना एआय वापरायची मुभा, काहींना नाही. डेव्हलपरांचा आधीचा अंदाज होता की २४ टक्के वेळ वाचेल. काम झाल्यावर त्यांना वाटलं, २० टक्के वाचला. घड्याळाने सांगितलं, १९ टक्के जास्त लागला. ती तेव्हाची साधनं होती, आजची त्याहून बरी आहेत, आणि प्रयोगही लहान होता. हे सगळं मान्य. मला त्यातला टिकणारा भाग एवढाच दिसतो की काम करणाऱ्याला स्वतःचा वेग कळत नाही, अनुभवी असला तरी. म्हणून टीममधल्या कुणी ‘सर, आता फार फास्ट होतंय’ म्हटलं की मी विचारतो, ग्राहकाकडे चालू होईपर्यंत किती दिवस गेले, आणि चालू झाल्यावर किती वेळा मागे घ्यावं लागलं. हे दोन आकडे आमच्या फळ्यावर रोज असतात. ओळींचा आकडा पुसून टाकला.

मी एजंटच्या विरोधात नाही. रोज वापरतो, आणि त्यामुळे आमच्या अकरा जणांच्या टीमला पूर्वी न झेपणारी कामं झेपतात. जुनी, कुणी हात न लावलेली रिपोर्टची फाइल त्याच्याकडून उलगडून घेताना मला खरोखर आनंद होतो. म्हणूनच पोटतिडकीने लिहितो आहे. इतकं चांगलं हत्यार हातात आल्यावर आपण ते वापरायची शिस्त शिकायची, की फक्त माणसं किती कमी करता येतील ते मोजत बसायचं?

शिस्त शिकायला लांब जायला नको. आमच्या नाशिकपासून तासाभराच्या आत ओझर आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच नाशिकमध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. विमानाच्या नाजूक कामांची पद्धत साधारण सगळीकडे सारखी असते. ज्याने नट आवळला त्याची नोंद, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी तपासून मारलेला शिक्का. आवळणारा कितीही कसलेला असो, अशा कामावरचा तपासणीचा शिक्का तो स्वतः मारत नाही. आमच्या कोडमध्ये मात्र एजंटने कोड लिहिला, त्यानेच टेस्ट बदलली आणि त्यानेच हिरवा दिवा लावला. आवळणाराही तोच, शिक्का मारणाराही तोच, आणि मी तो शिक्का पाहून सही केली.

आता आमच्याकडे कोड लिहिणाऱ्या एजंटला जुन्या टेस्टच्या फाइलींना हात लावता येत नाही. तशी परवानगीच काढून घेतली आहे. टेस्ट बदलायची असेल तर माणूस बदलेल, वेगळ्या बदलात, कारण लिहून. पैशाच्या प्रत्येक नियमाला एक माणूस धनी आहे. हमाली, तोलाई, वजन, पट्टी, प्रत्येकासमोर एक नाव. त्या नियमाला स्पर्श करणारं काहीही त्या माणसाच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही. वजनाच्या नियमासमोर त्या धाकट्या मुलीचं नाव आहे. सात महिन्यांच्या अनुभवावर एवढी जबाबदारी कशी दिली, असं मला एकाने विचारलं. अनुभव सात महिन्यांचा कोडचा. ट्रॉलीचा तिचा अनुभव माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी जास्त आहे.

परवानगीचा विषय निघालाच आहे म्हणून. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकी कंपनीच्या एजंटने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. ‘आता काही बदलायचं नाही’ असं त्याला बजावलेलं होतं. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. तेव्हा लोक एजंटवर तुटून पडले. माझा प्रश्न साधा आहे, चालू डेटाबेसची किल्ली त्याच्या हातात दिलीच कोणी? नव्या पोराला पहिल्या आठवड्यात तिजोरीची किल्ली आपण देत नाही. मग ज्याला उद्या सकाळी आजचं काही आठवेलच असं नाही, त्याला कशी देतो? किल्ली द्यायची की नाही हा निर्णय मशीनचा नसतो, टीम लीडरचा असतो, आणि तो कुठल्याही प्रॉम्प्टमध्ये गोड शब्दांत लिहून भागत नाही. किल्ली काढूनच घ्यावी लागते.

जागेवरचं काम माहीत असलेला माणूस लागतोच, हे नाशिकच्या माणसाला पटवायला माझ्याकडे आणखी एक गोष्ट आहे.

२७ ऑगस्ट २००३, सिंहस्थातल्या शाही स्नानाचा दिवस. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. पंचवटीतले जुने लोक अजून त्या जागेवरून जाताना आवाज खाली आणतात. पुढच्या सिंहस्थाच्या आधी, २०१४ मध्ये, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये शिकवणारे रमेश रासकर यांच्या पुढाकारातून इथे ‘कुंभथॉन’ ही मोहीम सुरू झाली. इथल्या मुलांना विचारलं गेलं ते ‘काय बनवता येतं’ हे नव्हे, तर कुंभात माणसाला काय अडतं हे. त्यात निलय कुलकर्णी हा शाळकरी वयाचा मुलगा होता. कुठल्या वाटेवर आत्ता किती माणसं आहेत हे कुणाला कळत नाही, म्हणून चेंगराचेंगरी होते. मग मोजायचं कसं? कॅमेऱ्याला दाट गर्दीत डोक्यामागचं डोकं दिसत नाही. पाय मात्र प्रत्येकाला टेकावाच लागतो. पायाचा दाब ओळखून माणसं मोजणारी चटई त्याने आणि सोबत्यांनी बनवली. तिचं नाव ‘आशिओतो’, जपानीत पावलांचा आवाज. २०१५ च्या कुंभात ती अंथरली गेली आणि १८ तासांत सुमारे पाच लाख माणसं तिने मोजली.

त्या चटईमागचा मोजणीचा कोड आजचा एजंट एका दुपारात लिहून देईल, याबद्दल मला शंका नाही. चटई घाटाकडे उतरणाऱ्या कुठल्या वाटेवर टाकायची, पाऊस पडल्यावर आणि अनवाणी ओल्या पायांची रीघ लागल्यावर तिचं काय होईल, मोजलेला आकडा कोणाच्या हातात पडला तर तो दोन मिनिटांत वाट वळवू शकेल, हे त्याला कोण सांगणार? त्या मुलाची खरी करामत मला कोडमध्ये दिसत नाही. प्रश्न नेमका कुठे अडकतो ते बोट ठेवून दाखवण्यात दिसते. आणि रासकरांची करामत, एका शाळकरी मुलाला तो प्रश्न धरून बसू देण्यात.

पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. त्यासाठी सॉफ्टवेअर लागणारच, त्यात एआय असणारच, असायलाही हवं. ते बनवणाऱ्या टीमच्या प्रमुखाला माझं हात जोडून सांगणं आहे. गर्दीचा इशारा कुठल्या आकड्याला वाजावा, ही ओळ ज्या फाइलमध्ये असेल ती फाइल तुम्ही स्वतः वाचा. वाचण्याआधी एका पर्वणीची सकाळ मनात आणून रामकुंडापर्यंत पायी उतरून या. आमच्या खळ्यावर चूक झाली असती तर साडेचार हजारांची झाली असती.

आता सर्वांत दुखरी गोष्ट. फ्रेशर घेणं कमी झालं आहे. कुणी जाहीर करत नाही, पण कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास उभं राहिलं तरी ऐकू येतं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं, त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतली जास्त. कौशल्यांचा मेळ बसत नाही हे कारण कंपनीने दिलं, एआय नव्हे. पण नाशिकमधल्या कितीतरी घरांत त्या दिवशी जेवताना कुणी बोललं नाही. मुलगा हिंजवडीत आहे, एवढ्या एका वाक्यावर ज्यांनी फ्लॅटचं कर्ज काढलं आहे, ती घरं ही.

‘फ्रेशर जे करायचा ते आता एजंट करतो,’ असं मला या महिन्यात तिघांनी सांगितलं. तिघेही हुशार, तिघांच्याही टीम माझ्यापेक्षा मोठ्या. मी तिघांनाही तेच विचारलं. तुम्ही कसे शिकलात? कुणाच्या तरी रटाळ बगमध्ये रात्री दोनपर्यंत डोकं घालून. कुणीतरी तुमचा कोड समोर बसवून वाचला, तीन वेळा परत दिला, तुमचा घसा दाटून आला, आणि चौथ्यांदा बरोबर झालं. ती सगळी किरकोळ कामं एजंटला दिलीत, ठीक आहे. मग शिकण्याची ती जागा दुसरीकडे कुठे ठेवलीत? कुठेच नाही. २०३२ मध्ये तुम्हाला कोड वाचून चूक पकडणारा सीनिअर हवा असेल. तो आकाशातून पडणार नाही. आज ज्याला तुम्ही दारातून परत पाठवताय, तोच तो.

कॉलेज क. का. वाघ असो की मातोश्री, संदीप असो की मेट, दरवर्षी या शहरातून शेकडो मुलं इंजिनिअर होऊन बाहेर पडतात, आणि त्यांतली कितीतरी अशा घरांतली आहेत जिथे द्राक्ष, कांदा, टोमॅटो, दूध, भुईकाटा, बाजार समिती हे रोजचं बोलणं आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्याने आजवर त्यांच्या या माहितीला शून्य किंमत दिली. मुलाखतीत ‘शेतकरी कुटुंबातून आलोय’ हे ती मुलं खालच्या आवाजात सांगतात. कोड लिहिणं स्वस्त झालं आहे. आता महाग काय आहे, तर ट्रॉली बदलते हे माहीत असणं. ही मुलं घेण्याची वेळ कधी नव्हे ती आज आली आहे, आणि आपण नेमके आजच दार लावून बसलो आहोत. याचा मला राग येतो.

आम्ही या वर्षी दोन फ्रेशर घेतले. पहिले तीन महिने त्यांनी एजंटकडून काही लिहून घ्यायचं नाही, एजंटने लिहिलेलं वाचायचं. रोज एक बदल, चारशे ओळींच्या आतला. संध्याकाळी माझ्यासमोर बसून सांगायचं, यात काय गृहीत धरलंय. काय चुकलंय हे नव्हे. काय गृहीत धरलंय. पहिल्या आठवड्यात त्यांना काहीच सापडत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एकाने दाखवलं की एका फॉर्ममध्ये शेतकऱ्याचा सात-बारा एकाच नावावर असतो असं धरलेलं आहे. त्याच्या घरचा पाच भावांच्या नावावर आहे. हे करायला माझा रोजचा पाऊण तास जातो. जाऊ दे. टीम लीडरच्या पगारात दुसरं कसलं काम येतं, मला माहीत नाही.

आणि तिकिटं. ‘काहीतरी मार्ग काढा’ असं तिकीट लिहिणारा मी होतो. माणसाला असं तिकीट दिलं असतं तर तो उठून माझ्याकडे आला असता, ‘म्हणजे नक्की काय?’ एजंट सहसा येत नाही. तो अर्धवट वाक्यातली उरलेली जागा स्वतः भरतो, इतक्या सफाईने की भरली होती हे दिसतच नाही. म्हणून आता आमच्या तिकिटावर एक ओळ सक्तीची आहे, काय झालं तर थांबायचं. पट्टी अडणं ही त्या सॉफ्टवेअरची खोड नव्हती. ते त्याचं काम होतं.

हे सगळं ठरवून झाल्यावर मागच्या सोमवारी आम्ही चौघं त्या खळ्यावर गेलो. सकाळी नऊपासून काट्याच्या खोपट्याबाहेर उभे. पहिल्या तासात सतरा ट्रॅक्टर वजन करून गेले. धाकटी मुलगी ट्रॉल्यांचे फोटो घेत होती, आता ट्रॉलीला रकाना आहे आणि तिला ओळखायचं कसं हे तिनेच ठरवायचं आहे. काट्यावरचा माणूस, हाच आमच्या नावाने ओरडायचा, बराच वेळ आमच्याकडे बघत होता. मग त्याने बटण दाबून पावती काढली, शेतकऱ्याच्या हातात दिली आणि आम्हाला विचारलं, ‘पावसाळ्यात चाकांना चिखल घेऊन येतात. भरल्या वजनात चिखल धरला जातो, रिकाम्या वजनापर्यंत तो आवारात गळून पडतो. ते कसं करणार?’

मुलीने फोन खिशात ठेवला आणि वही काढली.